गर्भाचा मेंदू, पहिले अठ्ठावीस दिवस आणि आईचा मधुमेह

आपल्याकडे बाळंतपणाची तयारी सुरू होते ती दिवस गेल्याची खात्री पटल्यानंतर. तिसऱ्या महिन्यात दवाखान्यात नाव घालावयाचे, मग डोहाळे पुरवावयाचे, सातव्या-आठव्या महिन्यात माहेरी न्यावयाचे, असा सर्वसाधारण क्रम असतो. या क्रमात वावगे काही नाही. परंतु बाळाच्या मेंदूचा पाया मात्र यातील पहिली पायरी येण्यापूर्वीच घातला गेलेला असतो. ज्या भगिनीला मधुमेह आहे तिच्या दृष्टीने ही गोष्ट फार महत्त्वाची आहे. ती का, हे प्रस्तुत लेखात सोप्या भाषेत सांगण्याचा आमचा प्रयत्न आहे.

मेंदू घडतो कसा?

गर्भधारणेनंतर सुमारे अठरा दिवसांनी भ्रूणाच्या पाठीच्या बाजूस पेशींची एक चपटी पट्टी असते. या पट्टीच्या मध्यभागी खोलगट घळ पडते, दोन्ही कडा वर उचलल्या जातात आणि एकमेकींना येऊन चिकटतात. घरी करंजी करताना आपण पारीच्या दोन कडा जवळ आणून दाबतो, तसेच हे काम असते. त्यातून एक बंद नळी तयार होते. तिला मज्जानलिका म्हणतात. तिच्या वरच्या भागापासून मेंदू आणि खालच्या भागापासून पाठीच्या कण्यातील मज्जारज्जू तयार होतो. नळीचे वरचे तोंड साधारण पंचविसाव्या दिवशी व खालचे तोंड अठ्ठाविसाव्या दिवसापर्यंत मिटते.

आता हा हिशेब पाळीशी जुळवून पाहू. गर्भधारणा सामान्यतः पाळीनंतर दोन आठवड्यांनी होते व आणखी दोन आठवड्यांनी पुढची पाळी चुकते. म्हणजे पाळी चुकल्यापासून दोन आठवड्यांत मज्जानलिकेचे काम संपलेले असते! कित्येक घरांत तोपर्यंत सासूबाईंच्या कानावरही बातमी गेलेली नसते.

करंजीची कड उघडी राहिली तर ती कढईत फुटते. मज्जानलिकेचे वरचे तोंड उघडे राहिले तर मेंदूचा मोठा भाग व कवटी तयारच होत नाही. असे मूल पोटातच दगावते किंवा जन्मानंतर थोड्याच काळात जाते. खालचा भाग उघडा राहिला तर कण्यात फट राहते. या विकारास स्पायना बिफिडा म्हणतात. अशा मुलांपैकी अनेकांच्या पायांत बळ नसते, लघवी-शौचावर ताबा राहत नाही, काहींच्या डोक्यात पाणी साठते. शस्त्रक्रियेने मदत होते, पण झालेली हानी पूर्णपणे भरून येत नाही.

साखर काय करते?

आईच्या रक्तातील साखर गर्भापर्यंत सहज पोहोचते. आईचे इन्सुलिन मात्र वार ओलांडून पलीकडे जात नाही. गर्भाचे स्वतःचे स्वादुपिंड या सुरुवातीच्या आठवड्यांत इन्सुलिन तयार करीत नसते. थोडक्यात, आईची वाढलेली साखर भ्रूणाच्या वाट्याला येते, पण ती आवरण्याचे साधन त्याच्याजवळ नसते.

ही साखर नेमके काय बिघडवते, याचा शोध घेणारे मोलाचे काम अमेरिकेत बोस्टन येथील जोसलिन मधुमेह केंद्रात डॉ. मेरी लोकेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांवर केले. मज्जानलिका मिटण्यासाठी ‘पॅक्स-३’ नावाचे एक जनुक योग्य वेळी जागे व्हावे लागते. मधुमेह झालेल्या मादीच्या भ्रूणात या जनुकाचे काम मंदावते व जेथे कडा जुळावयाच्या तेथील पेशी मरतात, असे त्यांनी १९९७ साली दाखवून दिले. जादा साखरेमुळे पेशींत ऑक्सिजनची उपद्रवी संयुगे वाढतात व त्यामुळे हे जनुक दबते, असेही पुढे दिसून आले. पेशींना मरण्याचा हुकूम देणारे ‘पी-५३’ नावाचे प्रथिन असते. ‘पॅक्स-३’ नसलेल्या उंदरांत हे प्रथिनही काढून टाकले, तेव्हा त्यांची मज्जानलिका नीट मिटली. हा निष्कर्ष २००२ साली प्रसिद्ध झाला. हे प्रयोग उंदरांवरील आहेत, हे ध्यानात ठेवून कोणीही मनाने औषधे घेऊ नयेत. परंतु साखरेचा घाव नेमका कोठे बसतो हे त्यांवरून समजते.

कोणत्या मधुमेहाचा धोका?

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. गरोदरपणातच सुरू होणारा मधुमेह सहसा चोविसाव्या आठवड्याच्या सुमारास प्रकट होतो. तोवर मज्जानलिका केव्हाच मिटलेली असते. त्यामुळे वर सांगितलेले व्यंग मुख्यतः आधीपासून असलेल्या मधुमेहामुळे संभवते. अशा मातांच्या बाळांत मोठ्या जन्मजात व्यंगांचे प्रमाण इतरांपेक्षा दोन ते चार पट आढळते. तरीही यांतील बहुतेक माता निरोगी बाळांना जन्म देतात, हेही तितकेच खरे.

उशिरा येणारा मधुमेह मात्र निरुपद्रवी समजू नये. त्यात बाळ अंगाने फार वाढते, आणि जन्मानंतर काही तासांतच त्याच्या रक्तातील साखर एकदम खाली येऊ शकते. मेंदूला ती घसरण सोसत नाही. म्हणून अशा बाळाला पहिल्या तासातच अंगावर पाजावे व त्याची साखर तपासून घ्यावी. मध चाटवणे किंवा साखरपाणी देणे कटाक्षाने टाळावे.

खरी अडचण निराळीच आहे. अनेक तरुण स्त्रियांना मधुमेह असतो, पण ठाऊक नसतो. “पोर काडीसारखी, तिला कसला मधुमेह?” असे आपण म्हणतो. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुणे परिसरातील सहा खेड्यांत १९९३ पासून मातांचा व बाळांचा अभ्यास केला. आपली बाळे वजनाने कमी असूनही त्यांच्या अंगात चरबीचे प्रमाण अधिक असते, असे त्यात आढळले. वरून बारीक, आतून चरबी, हा आपल्या लोकांचा बांधा आहे. तेव्हा केवळ बांधा पाहून निर्धास्त राहता येत नाही.

काय करावे?

ज्या घरात मधुमेह आहे, जिला पूर्वी गरोदरपणात साखर निघाली होती, जिचे गर्भ वारंवार पडले आहेत, अशा प्रत्येक स्त्रीने दिवस राहण्यापूर्वी रक्त तपासून घ्यावे. मधुमेह ठाऊक असेल तर मागील तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी एचबीएवनसी ही चाचणी करावी. ती साडेसहा टक्क्यांच्या आत आल्यावर दिवस राहू देणे उत्तम. दहाच्या वर असेल तर ती खाली येईपर्यंत थांबावे. तोवर कुटुंबनियोजनाचे साधन वापरावे, आणि त्याची जबाबदारी पतीनेही उचलावी.

फोलिक अ‍ॅसिडच्या गोळीचे महत्त्व १९९१ साली ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने सिद्ध केले. आधीचे मूल अशा व्यंगाचे झालेल्या मातांनी गर्भधारणेपूर्वीपासून रोज ४ मिलिग्रॅम गोळी घेतली, तेव्हा पुन्हा तसे मूल होण्याचे प्रमाण ७२ टक्क्यांनी घटले. मधुमेही स्त्रीला डॉक्टर साधारणतः रोज ५ मिलिग्रॅमची गोळी देतात. ती गर्भधारणेच्या आधीपासून बारा आठवड्यांपर्यंत घ्यावयाची असते. रक्तदाबाच्या व कोलेस्टेरॉलच्या काही गोळ्या गर्भाला घातक असतात. त्या बदलून घ्याव्यात, परंतु स्वतःहून बंद करू नयेत. इन्सुलिनची सुई लागली तर घाबरू नये. ते बाळापर्यंत जात नाही, उलट बाळाचे रक्षणच करते.

दिवस राहिल्यावर पहिल्याच भेटीत साखरेची तपासणी मागावी. केंद्र शासनाच्या मार्गदर्शक सूचनांनुसार ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून पाजून दोन तासांनी रक्त तपासतात. त्यासाठी उपाशीपोटी येण्याची गरज नसते. साखर १४० किंवा अधिक असेल तर उपचार सुरू करतात. पहिली तपासणी ठीक आली तरी २४ ते २८ आठवड्यांच्या दरम्यान ती पुन्हा करतात.

शेवटी एक गोष्ट कळकळीने सांगावीशी वाटते. व्यंग असलेले मूल झाले की घरात पहिले बोट सुनेकडे जाते. तिने ग्रहणात भाजी चिरली असेल, तिचा पायगुणच वाईट, असे बोलले जाते. यात ना ग्रहणाचा दोष आहे, ना त्या माउलीचा. पेशींचे काम साखरेने बिघडते, आणि साखर वेळेवर मोजता येते, आटोक्यात ठेवता येते. लग्न ठरवताना आपण पत्रिका, हुंडा, मानपान यांवर किती बैठका घेतो! त्याऐवजी लग्नानंतर, पाळणा हलण्यापूर्वी, सुनेची आणि लेकीची एक रक्ततपासणी करून घेऊ या. तिच्या दवाखान्याच्या खेपा व औषधाचा खर्च हा साऱ्या घराचा भार मानू या. बाळाचा मेंदू घडण्याचे ते अठ्ठावीस दिवस आपल्याला न सांगता येतात व न सांगता जातात. म्हणून त्यांची तयारी आधीच झालेली असली पाहिजे.