पत्र बँकेचे की भामट्याचे?

आपल्या घरांत ई-मेल आला तो बहुधा मुलांच्या फॉर्मच्या निमित्ताने. शिष्यवृत्तीचा अर्ज, आयटीआयचा प्रवेश, भरतीची परीक्षा, वडिलांच्या प्रॉव्हिडंट फंडाचा हिशेब, जिथे जावे तिथे ई-मेल मागतात म्हणून तो काढला. रोज उघडून वाचण्याची सवय मात्र थोड्याच घरांत आहे. त्यामुळे ते खाते किती मोलाचे आहे याची जाणीव राहत नाही. खरे तर ती घराची मोठी किल्ली आहे. 'पासवर्ड विसरलो' असे कळवले की बाकीच्या अनेक खात्यांची नवी किल्ली याच ई-मेलवर येते. ई-मेल ज्याच्या हाती गेला, त्याला पुढची दारे उघडायला वेळ लागत नाही.

ही किल्ली मालकाकडूनच काढून घेण्याच्या धंद्याला 'फिशिंग' म्हणतात. गळ टाकून मासा पकडणे, हाच त्यातला अर्थ. १९९० च्या दशकात अमेरिकेत 'अमेरिका ऑनलाइन' या कंपनीच्या ग्राहकांचे पासवर्ड असे लांबवले जात, तेव्हापासून हा शब्द रूढ झाला. कुलूप फोडायचे कष्ट घ्यायचे नाहीत, घरधन्यालाच दार उघडायला लावायचे.

यात अडाणी माणसेच फसतात, हा समज वाचकांनी आधी मनातून काढून टाकावा. २०१६ साली अमेरिकेच्या अध्यक्षपदासाठी हिलरी क्लिंटन उभ्या होत्या. त्यांच्या प्रचाराचे प्रमुख जॉन पोडेस्टा. १९ मार्च २०१६ रोजी त्यांना गुगलच्या नावाने एक पत्र आले : 'युक्रेनमधून कोणीतरी तुमचा पासवर्ड वापरला आहे, ताबडतोब बदला.' खाली बटण. त्यांच्या कचेरीने ते पत्र संगणकाच्या जाणकाराला दाखवले. त्याला 'हे खोटे आहे' असे लिहायचे होते. घाईत 'खरे आहे' असे लिहून गेले, असे त्याने पुढे सांगितले. पण गंमत अशी, की त्याच उत्तरात त्याने पासवर्ड बदलण्याचा गुगलचा अस्सल पत्ताही दिला होता. त्या पत्त्यावर कोणी गेले नाही. बटण दाबले गेले ते भामट्यांच्या पत्रातले. त्या खात्यातली हजारो खाजगी पत्रे ऑक्टोबर २०१६ पासून, ऐन निवडणुकीत, विकिलीक्सने जगापुढे मांडली.

या प्रकरणातून घेण्यासारखी गोष्ट एकच आहे. पत्र खरे की खोटे, हे ठरवण्यात जाणकारही चुकतो. म्हणून ते ठरवत बसूच नये. पत्राने दाखवलेल्या दाराने न जाता आपण आपल्या ओळखीच्या दाराने जावे. 'आज रात्री खाते बंद होईल', 'केवायसी अपुरे आहे', 'शिष्यवृत्ती मंजूर झाली, बँकेचा तपशील भरा', असे काही आले तर त्यातल्या बटणाला हात लावू नये. बँकेचे ॲप स्वतः उघडावे, पासबुकावरच्या नंबरावर फोन करावा, नाहीतर शाखेत जावे. निरोप खरा असेल तर तो तिथेही कळेल. पत्रात जितकी घाई, तितका संशय धरावा. पूर्वी अशी पत्रे अशुद्ध भाषेवरून ओळखू येत. आता यंत्रे शुद्ध मराठीतही पत्र लिहून देतात, तेव्हा त्या खुणेवर विसंबण्यात अर्थ नाही.

पत्ता वाचायला मात्र घरात सर्वांनी शिकावे. पोस्टाच्या पत्त्यात पाकीट कुठे जाणार हे शेवटच्या ओळीतला जिल्हा ठरवतो. इथेही तसेच. सुरुवातीच्या दोन तिरक्या रेघा सोडाव्यात आणि पुढच्या पहिल्या एकट्या रेघेच्या अगोदरचे शेवटचे शब्द पाहावेत. सरकारी कचेऱ्यांचे पत्ते सहसा 'गव्ह डॉट इन'ने संपतात. बँकांनी ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत 'बँक डॉट इन'ने संपणारे पत्ते घ्यावेत, असा आदेश रिझर्व्ह बँकेने त्या वर्षी काढला. 'बँक डॉट इन'च्या पुढे आणखी 'डॉट अमुक डॉट कॉम' जोडलेले असेल, तर ते दुकान त्या अमुकचे. अलीकडचे सगळे नाव नुसती पाटी. पत्त्याजवळ कुलपाचे चित्र आहे म्हणजे जागा सुरक्षित, असेही नाही. वाटेत कोणी मजकूर वाचू शकत नाही, एवढाच त्याचा अर्थ. पलीकडे चोर बसला असेल तर कुलूप त्यालाही मिळते.

आता आपल्या वस्त्यांतली एक गोष्ट, जिच्याकडे कोणाचे लक्ष नसते. पुष्कळ मुलांचा ई-मेल फॉर्म भरणाऱ्या दुकानात, दुकानदारानेच काढून दिलेला असतो. पासवर्ड म्हणजे मुलाचे नाव आणि जन्मसाल, आणि तो दुकानातल्या वहीतही लिहिलेला. दुकानदार भला असेल, वही कोणाच्या हाती पडेल हे कोणी सांगावे? घरी फोनवर ते खाते उघडून पासवर्ड बदलावा, आणि तो दुसऱ्या कुठल्याही खात्याला वापरू नये. खाते परत मिळवण्यासाठी कोणाचा मोबाईल नंबर दिला आहे तेही पाहावे. कधी दुकानदाराचा असतो, कधी केव्हाच बंद पडलेला आपलाच जुना. बंद नंबर कंपनी पुढे दुसऱ्याला देते, हे ध्यानात असू द्यावे. मग दोन टप्प्यांची तपासणी चालू करावी, म्हणजे नुसता पासवर्ड चोरून कोणाला आत शिरणे अवघड जाते. त्या तपासणीचा आकडा मात्र कोणालाही सांगू नये, स्वतःला बँकेचा साहेब म्हणवणाऱ्यालाही नाही.

एवढे करूनही कोणी फसलेच, तर बहुतेक घरांत पहिला तास रागावण्यात आणि रडण्यात जातो. मुलगी बापाला सांगत नाही, बाप शेजाऱ्याला सांगत नाही. इकडे पैसा एका खात्यातून दुसऱ्या खात्यात पळत असतो. पैसे गेले असतील तर १९३० हा सरकारी नंबर लगेच लावावा. पैसा वाटेत असेल तोवर तो थोपवण्याचा प्रयत्न करता येतो. तक्रार 'सायबरक्राईम डॉट गव्ह डॉट इन' इथेही नोंदवता येते. बँकेलाही त्याच वेळी कळवावे. ग्राहकाच्या निष्काळजीपणाने पैसा गेला तरी, बँकेला कळवल्यानंतर होणारे नुकसान बँकेने सोसायचे, असे रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात म्हटले होते. तेव्हा कळवल्याची वेळ लिहून ठेवावी, तक्रारीचा क्रमांक मागून घ्यावा, आणि ते खोटे पत्र रागाने पुसून टाकू नये. पोलिसांना तेच दाखवावे लागते.