मातीवर बसणारा कांदा

हिरवट, गुळगुळीत, मुठीएवढा कांदा मातीवर कुणी नुसता ठेवून गेल्यासारखा दिसतो. त्याच्या शेंड्यातून शतावरीसारखा नाजूक वेल निघतो आणि आधार शोधत वर चढतो. या वनस्पतीचे शास्त्रीय नाव बोविया व्होल्युबिलिस. क्यू येथील उद्यानासाठी दक्षिण आफ्रिकेत वनस्पती गोळा करणाऱ्या जेम्स बोवी यांच्यावरून १८६७ साली ते देण्यात आले. तिला 'चढता कांदा' म्हणतात खरे, पण आजच्या वर्गीकरणात ती कांद्याच्या नव्हे, शतावरीच्या कुलात येते. आपल्याकडच्या माळांवरचा कोळकांदा हा तिचा जवळचा नातेवाईक.

या वेलाला पाने कुठे आहेत, हा प्रश्न वर्गात जरूर विचारावा. वाढलेल्या कांद्याची खरी पाने अगदी लहान असतात व लवकर झडतात. आपण ज्याला वेल म्हणतो तो वस्तुतः फांद्या फुटलेला हिरवा पुष्पदांडा आहे. प्रकाशसंश्लेषणाचे काम तोच करतो आणि तयार झालेले अन्न खाली कांद्याच्या मांसल पापुद्र्यांत साठते.

तयार कांदा विकत मिळत असताना बियांचा खटाटोप कशासाठी? दक्षिण आफ्रिकेत हा कांदा पारंपरिक औषधांत वापरतात; दरबान, जोहान्सबर्गच्या बाजारांत तो विकला जातो. औषधासाठी अख्खा कांदाच खणून काढतात, म्हणजे झाड संपते. बियांपासून फुलांवर यायला काही वर्षे जातात, तेवढी उसंत खणणारा देत नाही. म्हणूनच तेथील संकटग्रस्त वनस्पतींच्या यादीत त्याची नोंद आहे. विकत घेतलेला मोठा कांदा कुठून आला हे विचारल्याशिवाय कळत नाही. बियांच्या बाबतीत ही टोचणी राहत नाही.

बी काळे, चकचकीत व चपटे असते. ते ताजे असावे. बुडाला भोके असलेल्या पसरट कुंडीत जाड वाळू आणि चाळलेले पानांचे खत निम्मे-निम्मे घ्यावे. बी वर पसरून त्यावर वाळूचा जेमतेम दोन-तीन मिलिमीटरचा थर द्यावा. फेब्रुवारी किंवा ऑक्टोबर ठीक, कारण वीस ते पंचवीस अंश तापमान त्याला मानवते. कुंडी पाण्याच्या ताटलीत ठेवून खालून भिजवावी; वरून झारीने पाणी घातल्यास बी वाहून एका कडेला जमते. दोन ते चार आठवड्यांत कांद्याच्या रोपासारखी हिरवी काडी वर येते. या वेळी माती सतत ओली राहिली तर बुरशीने रोपे कोलमडतात. कुंडीवर झाकलेली काच उगवण सुरू होताच काढावी.

पुढची चूक आम्ही स्वतः केली आहे. वेल पिवळा पडू लागला तेव्हा तो तहानला आहे असे समजून आम्ही पाणी वाढवले आणि सगळे कांदे कुजले. वास्तविक ती त्यांच्या विश्रांतीची वेळ होती. वेल वाळू लागला की पाणी थांबवावे, कुंडी कोरड्या जागी ठेवावी आणि नवा कोंब दिसेपर्यंत हात लावू नये. कॅलेंडर पाहून हे ठरवता येत नाही. या जातीच्या दोन उपजाती आहेत: पूर्वेकडच्या, उन्हाळी पावसाच्या प्रदेशातली उन्हाळ्यात वाढते, तर पश्चिमेकडच्या कोरड्या भागातली गॅरीपेन्सिस हिवाळ्यात. शिवाय दक्षिण गोलार्धातून आलेल्या कांद्याचे ऋतू आपल्या उलट असतात. तो जुळवून घेईपर्यंत केव्हा जागा होईल सांगता येत नाही. तेव्हा पेरणीची, कोंब दिसल्याची आणि वेल वाळल्याची तारीख विद्यार्थ्यांकडून कुंडीवरच लिहून घ्यावी. दोन-तीन वर्षांच्या अशा नोंदींतून आपल्या गावातले त्याचे वेळापत्रक मिळते.

शेजारी कोळकांद्याची कुंडी ठेवता आली तर तुलना रंगते. त्याला ऐन उन्हाळ्यात पानांशिवाय फुलांचा दांडा येतो, पाने पावसाळ्यात. दोघांतही हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम करणारी विषारी ग्लायकोसाइड द्रव्ये असतात. कांदा सोलणे, चाखणे, स्वयंपाकघराजवळ ठेवणे कटाक्षाने टाळावे. कुंडी बदलताना हातमोजे घालावेत आणि नंतर हात साबणाने धुवावेत. कुंडीवर तारखांच्या वर 'विषारी' हा शब्द मोठ्या अक्षरांत हवा.