हातमोज्याच्या आतला हातमोजा

डिसेंबर-जानेवारीत महाड औद्योगिक वसाहतीतल्या कोणत्याही कारखान्याच्या गेटवर सकाळच्या पाळीला उभे राहा. पोलादपूरकडून, आंबेनळी घाटाखालच्या वाड्यांवरून, वरंध-बिरवाडीच्या बाजूने मोटारसायकली येत असतात. उतरला की जो तो आधी हात काखेत घालतो. आम्ही हजेरीच्या टेबलावर बसणारे. गेल्या थंडीत एका तरुण कामगाराला सहीसाठी पेन धरता येईना. बोटे पांढरी पडलेली. घाटाच्या उतारावर ब्रेक दाबायला बोटे वळली नाहीत म्हणून गाडी कडेच्या गवतात घातली, असे तो हसत हसत सांगत होता. आम्हाला काही हसू आले नाही.

हातमोजे त्याने घातले होते. वर जाड रेक्झिनचे, आत होजिअरीचे सुती. मग हात गारठले कसे? आम्ही ते आतले मोजे हातात घेऊन पाहिले. ओले होते! आदल्या दिवशीचा घाम आणि घाटातले धुके, दोन्ही त्यांत मुरलेले. पाणी हवेपेक्षा सुमारे २५ पट वेगाने उष्णता ओढून नेते. म्हणजे ओला सुती मोजा घालून तो हात गरम नव्हे, थंड करीत होता. त्यात वारा. १० अंश थंडीत ताशी ४० किलोमीटरने गाडी हाकली तर उघड्या कातडीला ती ६ अंशांसारखी लागते.

म्हणून बाहेरचा मोजा वारा अडवणारा हवा आणि आतला ऊब धरणारा. आतला पातळ लोकरीचा असेल तर उत्तम. लोकर थोडी दमट झाली तरी ऊब सोडत नाही. लोकर परवडत नसेल तर लोकरीसारखा विणलेला ॲक्रिलिकचा घ्यावा, तो लवकर वाळतो. सुती मोजा जवळच्या अंतराला चालेल, पण दोन जोड ठेवून रोज वाळलेला घालावा. जाड तेवढा गरम, ही समजूत मात्र चुकीची. आत दाटून बसला की बोटांतले रक्त अडते आणि ऊब धरणारी हवेची जागाही राहत नाही. दुकानात दोन्ही मोजे एकावर एक घालून मूठ वळून पाहा, ब्रेक धरल्यासारखी बोटे वाकवा. ओढ बसली तर एक नंबर मोठा बाहेरचा मोजा मागा. दुकानदार कुरकुरला तरी चालेल.

गारठलेले हात सायलेन्सरजवळ किंवा शेकोटीवर धरू नयेत. बधिर कातडीला भाजलेले कळत नाही. काखच बरी. विडी ओढून ऊब येते हेही खोटे. तंबाखूने बोटांच्या रक्तवाहिन्या आणखी आवळतात. बोटे वारंवार पांढरी-निळी पडत असतील तर डॉक्टरांना दाखवा.

आता महत्त्वाचे. रस्त्यावरचा हा आतला मोजा कारखान्यात रबरी मोज्याखाली घालू नका. रबराला बारीक भोक पडून रसायन आत गेले तर कापड ते शोषून घेते आणि पाळीभर कातडीला चिकटवून ठेवते. उघड्या हातावर पडलेले निदान लगेच धुता येते. सॉल्व्हंटच्या जागी ॲक्रिलिक-नायलॉन तर नकोच. घर्षणाने ठिणगी पडू शकते आणि पेटले तर ते वितळून कातडीला चिकटते. तिथे कारखान्याने दिलेलेच मोजे घालावेत आणि ओले, फाटके झाले की बदलून मागावेत. त्याचे पैसे कामगाराकडून घेता येत नाहीत, हे केंद्राच्या २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत लिहिले आहे. आम्ही हिशेबाची माणसे असल्याने पगारातून अशी कपात झालेली दिसली तर पावती जपून ठेवा, असे सांगतो. आणि भगिनींनो, कामावरचे मोजे घरी आले तर मुलांच्या कपड्यांत धुवायला टाकू नका.

त्या तरुणाच्या आईने जुन्या लोकरी स्वेटरच्या बाह्या कापून त्याला आतले मोजे शिवून दिले. अंगठ्याची शिवण जरा वाकडी आहे. रात्री ते चुलीच्या वर दोरीवर टांगले जातात. आता सही वेळेवर होते, अक्षर मात्र अजून वाचता येत नाही.