मूड नको, वेळ सांगा

व्यायामाचे फायदे कोणाला ठाऊक नसतात? तरी जानेवारीत भरलेली जिमची वर्गणी फेब्रुवारीत वाया जाते. उत्साह कमी पडला, असं निदान लगेच होतं. २००२ साली प्रसिद्ध झालेला ब्रिटनमधला एक प्रयोग मात्र वेगळंच सांगतो.

सारा मिल्न आणि सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांचे तीन गट केले. एकाला काहीच विशेष सांगितलं नाही. त्यातल्या ३८ टक्के मुलांनी पुढच्या आठवड्यात व्यायाम केला. दुसऱ्याला हृदयविकार आणि व्यायामाचे लाभ यांवरचा मजकूर वाचायला दिला. हुरूप वाढला, पण व्यायाम करणारे निघाले ३५ टक्के! तिसऱ्या गटाने तोच मजकूर वाचला आणि एक वाक्य लिहून दिलं: कोणत्या दिवशी, किती वाजता, कुठे व्यायाम करणार. त्यांच्यातले ९१ टक्के व्यायामाला उतरले.

पण एक आठवडा म्हणजे सवय नव्हे. आणि ‘२१ दिवसांत सवय लागते’ हेही खरं नाही. तो आकडा मॅक्सवेल मॉल्ट्झ या अमेरिकी प्लास्टिक सर्जनच्या १९६०च्या पुस्तकातून पसरला. नवा चेहरा आपला वाटायला रुग्णांना निदान २१ दिवस लागतात, अशी त्याची नोंद. पुढे ‘निदान’ गळालं, चेहराही गळाला.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली यांनी ९६ जणांना एकेक छोटं काम रोज ठरावीक प्रसंगाला जोडून करायला लावलं. कोणी जेवताना फळ खाल्लं, कोणी जेवणाआधी धावलं. ते आपसूक होऊ लागायला कोणाला १८ दिवस पुरले, तर कोणाला २५४ लागतील असा हिशेब निघाला. मधला आकडा ६६. एखादा दिवस चुकला म्हणून फारसं बिघडलं नाही, ही त्यातली दिलाशाची गोष्ट.

ठरल्या वेळी ठरलेलं काम करण्याला मराठीत जुना शब्द आहे: नेम. वारकऱ्याला ‘यंदा वारीला जावंसं वाटतंय का?’ असं कोणी विचारत नाही. ज्ञानेश्वरांची पालखी आळंदीहून ज्येष्ठ वद्य अष्टमीला निघते. मार्ग ठरलेला, मुक्काम ठरलेले, रथापुढे-रथामागे कोणती दिंडी कितवी तेही ठरलेलं. मनाला ठरवायला उरतंच काय?

२०२०मध्ये कोरोनामुळे पायी सोहळा रद्द झाला. तरी प्रस्थान तिथीलाच, मोजक्या लोकांत झालं. पादुका आळंदीतच थांबल्या आणि ३० जूनला, आषाढी दशमीच्या दिवशी, एसटीत बसून पंढरपूरला पोहोचल्या.