‘हिला दूधच नाही’ असे म्हणू नका

दिवस भरण्याआधी बाळ झाले. दवाखान्यात त्याला काचेच्या पेटीत ठेवले. डॉक्टर म्हणाले, “दूध काढून आणा.” आईने वाटी धरली, तर तळही झाकेना. लगेच घरात कोणीतरी म्हणते, “हिला दूधच नाही!” भगिनींनो, हे वाक्य तेवढे टाळा. त्याने आईचा धीर खचतो.

पहिले दोन-तीन दिवस चीक थेंबाथेंबानेच येतो. बाळाचे पोटही तेवढेच लहान असते. तो पिवळा चीक फेकू नका. दूध साधारण तिसऱ्या-चौथ्या दिवशी उतरते. सिझेरियन झाले असेल तर थोडा उशीर लागतो.

आता गोठ्यातला नियम आठवा. कासेत दूध राहू दिले की गाय आटते. आईचेही तसेच. जितके काढाल तितके नवे तयार होते. म्हणून बाळंतपणानंतर शक्यतो पहिल्या तासातच सुरुवात करा. पुढे दिवसरात्र मिळून ८ ते १२ वेळा काढा. रात्रीची एक वेळ चुकवू नका. दूध तयार करणारे संप्रेरक रात्री जास्त असते.

हात साबणाने धुवा. उकळून घेतलेली रुंद वाटी घ्या. कोमट फडक्याने शेकून स्तन हलके चोळा. काळ्या भागाच्या कडेला अंगठा वर, बोटे खाली ठेवा. आधी छातीकडे दाबा, मग अंगठा व बोटे जवळ आणून सोडा. बोंड ओढू नका. एका बाजूला ३ ते ५ मिनिटे, मग दुसरी, असे आलटूनपालटून २० ते ३० मिनिटे करा.

पान्हा मायेनेही फुटतो. डॉक्टर परवानगी देतील तेव्हा बाळाला उघड्या छातीशी धरा; एरवी त्याचे दुपटे जवळ ठेवा. हळिवाची खीर, डिंकाचे लाडू जरूर खा, पण नुसत्या लाडवांनी दूध वाढत नाही. ते वाढते काढल्याने.

काढलेले दूध झाकून सावलीत ठेवा, चार तासांत वापरा. उन्हाळ्यात त्याहून लवकर. ते उकळू नका. पाजायचे कसे व किती, हे नर्सबाईंना विचारा. स्तन लाल, कडक होऊन ताप आला तर डॉक्टरांना दाखवा.

एवढे करूनही कमी पडले, तर दूधपेढीची चौकशी करा. मुंबईच्या शीव रुग्णालयात १९८९ साली अशी पेढी सुरू झाली. आता इतरही शहरांत आहेत.

आणि सासूबाई, रात्री सून उठली की वाटी तुम्ही धुऊन द्या. तेवढ्या आधारानेही पान्हा मोकळा होतो.