नैसर्गिक वायूचे स्वामित्वधन आणि भूधारक

अमेरिकेतील अनेक जमीनमालकांना त्यांच्या शेतातील वायुविहिरींपासून वर्षानुवर्षे उत्पन्न मिळते, हे सर्वश्रुत आहे. आपल्याकडेही शेताखाली वायू लागल्यास शेतकऱ्यास तसाच वाटा मिळेल, असा समज त्यावरून होणे स्वाभाविक आहे. परंतु कायद्याच्या कसोटीवर तो टिकत नाही. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील खातेदाराने या बाबतीत वस्तुतः कोणती अपेक्षा ठेवावी आणि कोणती ठेवू नये, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

स्वामित्वधनाचे स्वरूप

स्वामित्वधन हे जमिनीचे भाडे नव्हे, किंवा नुकसानीची भरपाईही नव्हे. खनिजाचा मालक ते खनिज काढून नेणाऱ्याकडून उत्पादनाचा जो भाग घेतो, त्यास ही संज्ञा आहे. म्हणून ‘किती मिळेल’ या प्रश्नाच्या आधी ‘खनिज कोणाचे’ हा प्रश्न सोडविणे प्राप्त होते.

ज्याची जमीन त्याचेच तिच्याखालील सर्व काही, हे तत्त्व इंग्लंडच्या रूढिजन्य कायद्यातील. अमेरिकेने ते तेल व वायू यांनाही लागू ठेवले. खुद्द ब्रिटनने मात्र १९३४ च्या कायद्याने भूगर्भातील पेट्रोलियम राजसत्तेकडे घेतले. जगातील बहुसंख्य देशांत खनिज तेल व वायू ही शासनाचीच मालमत्ता असते. या दृष्टीने पाहता अमेरिकेची पद्धती हा नियम नसून अपवाद आहे.

हा अपवादही वाटतो तितका फलदायी नाही. समजा, ६४० एकरांच्या उत्पादन-गटात एका मालकाची १० एकर जमीन आहे आणि करारानुसार स्वामित्वधन एक-अष्टमांश, म्हणजे तेथील जुन्या रूढ दराचे आहे. अशा वेळी १०० रुपयांच्या वायूमागे त्या मालकाच्या वाट्यास सुमारे २० पैसे येतात. कराराच्या शब्दयोजनेप्रमाणे त्यातूनही वायूचे शुद्धीकरण व वाहतूक यांचा खर्च वजा होऊ शकतो. शिवाय शेल खडकातील विहिरींचे उत्पादन पहिल्या वर्षातच बहुधा निम्म्याहून अधिक घटते. पहिल्या काही महिन्यांच्या प्राप्तीवरून पुढील वीस वर्षांचा हिशेब मांडणारे तेथेही फसतात.

भारतातील स्थिती

भारतीय संविधानाच्या सातव्या अनुसूचीतील संघसूचीत ५३ व्या नोंदीने तेलक्षेत्रांचे नियमन संसदेकडे दिले आहे. त्या क्षेत्रातील मूळ कायदा १९४८ चा. १९५७ चा खाण व खनिज कायदा खनिज तेलांना आपल्या व्याख्येतून वगळतो. त्यामुळे दगड, वाळू किंवा कोळसा यांवरून वायूविषयी अनुमान काढणे धोक्याचे ठरते. भूभागावरील उत्पादनाचे स्वामित्वधन राज्य शासनास मिळते आणि नैसर्गिक वायूवर ते सामान्यतः विहीरमुखावरील मूल्याच्या १० टक्के असते. मुंबई हायसारख्या समुद्रातील क्षेत्रांवर संविधानाच्या २९७ व्या अनुच्छेदान्वये केंद्राचा अधिकार आहे. या दोन्ही व्यवस्थांत भूधारक कोठेच येत नाही.

महाराष्ट्रापुरता हा मुद्दा जमीन महसूल संहिता, १९६६ च्या ४८ व्या कलमाने स्पष्ट केला आहे. शासनाने दिलेल्या अनुदानपत्रात तसे स्पष्ट लिहिले नसेल, तर कोठेही सापडणाऱ्या सर्व खनिजांचा हक्क राज्य शासनाकडे राहतो. मराठवाडा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता व तेथील महसूल कायदा वेगळा होता. १५ ऑगस्ट १९६७ रोजी अंमलात आलेल्या या संहितेने तो भेद संपविला. सातबारा उताऱ्यावर भोगवटादार म्हणून असलेली नोंद ही जमिनीच्या भोगवट्याची आहे, भूगर्भातील खनिजाची नव्हे.

या संदर्भात सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ मधील केरळविषयक निर्णयाचा आधार पुष्कळदा घेतला जातो. मलबारातील जन्मी जमिनींच्या त्या प्रकरणात, कायद्याने हिरावून घेतला नसेल तर भूगर्भावरील हक्क जमिनीच्या मालकीबरोबरच जातो, असे न्यायालयाने म्हटले. ‘कायद्याने हिरावून घेतला नसेल तर’ ही त्यातील अट विसरता येत नाही. आणि महाराष्ट्रात ४८ वे कलम नेमके तिच्या आड येते.

तथापि त्याच कलमात भूधारकाच्या संरक्षणाचीही तरतूद आहे. खनिजाचा हक्क बजावताना जमिनीच्या पृष्ठभागाचा ताबा घेतल्याने किंवा त्यास धक्का लागल्याने कोणाच्या हक्कास बाध आला, तर शासनाने किंवा त्याच्या हस्तांकिताने भरपाई दिली पाहिजे. ती जिल्हाधिकारी ठरवितात. त्यांचा निवाडा मान्य नसल्यास दिवाणी न्यायालय ठरविते. भूधारकाचा खरा हक्क हा आहे.

मराठवाड्यातील प्रत्यक्ष प्रश्न

मराठवाड्याच्या बहुतेक भागावर सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचे थर पसरले आहेत. खंभातच्या खोऱ्यात याच बेसाल्टवर नंतरच्या काळातील गाळाच्या खडकांची जाड रास साचली. तेथे लुणेज येथे १९५८ मध्ये व अंकलेश्वर येथे १९६० मध्ये तेल लागले. मराठवाड्यात बेसाल्ट हाच पृष्ठभाग आहे. येथील शेतकऱ्याच्या दृष्टीने वायुविहिरीपेक्षा वायुवाहिनी हीच अधिक संभाव्य गोष्ट होय. अहमदनगर आणि औरंगाबाद या तत्कालीन नावांच्या जिल्ह्यांचे शहरी वायुवितरणाचे क्षेत्र २०१८ मध्ये भारत पेट्रोलियमकडे गेल्यापासून हा प्रश्न केवळ पुस्तकी राहिलेला नाही.

वाहिनीसाठी १९६२ चा स्वतंत्र कायदा आहे. त्यानुसार जमीन संपादित न करता केवळ तिच्या वापराचा हक्क घेता येतो. मालकी शेतकऱ्याकडेच राहते व पूर्वीप्रमाणे पीक घेता येते. परंतु त्या पट्ट्यात इमारत, तळे, विहीर किंवा बंधारा बांधता येत नाही आणि झाड लावता येत नाही. मोबदल्याचे भाग दोन. उभे पीक, झाडे व इतर मालमत्ता यांच्या प्रत्यक्ष नुकसानीची भरपाई हा पहिला. प्रथम अधिसूचनेच्या दिवशीच्या बाजारमूल्याच्या १० टक्के रक्कम हा दुसरा.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. ३०० मीटर लांब व २० मीटर रुंद पट्टा म्हणजे ६० आर जमीन. हेक्टरी २० लाख रुपये भाव धरल्यास पट्ट्याचे मूल्य १२ लाख व दुसऱ्या भागाची रक्कम १ लाख २० हजार रुपये होते. ती एकदाच मिळते. वाहिनीतून किती वायू वाहिला याच्याशी तिचा संबंध नसतो. कोरडवाहू शेतास हा बोजा फारसा जाणवणार नाही. परंतु ज्या शेतात पुढे विहीर खोदून मोसंबीची किंवा केशर आंब्याची बाग करावयाची असेल, तेथे पट्ट्यापुरती ती शक्यता कायमची संपते. या गमावलेल्या शक्यतेचे मूल्य १० टक्क्यांत कितपत सामावते, हा प्रश्न संशोधनास योग्य आहे.

म्हणून भूधारकाच्या हिताचे क्षण वायू वाहू लागल्यानंतरचे नसून त्यापूर्वीचे असतात. अधिसूचनेनंतर आक्षेपासाठी २१ दिवसांची मुदत असते. पंचनाम्यात पीक, झाडे, विहीर व जमिनीखालील पाण्याचे नळ यांची नोंद झाली किंवा नाही, यावर पहिल्या भागाची रक्कम अवलंबून असते. सक्षम प्राधिकाऱ्याने ठरविलेली रक्कम मान्य नसल्यास जिल्हा न्यायाधीशांकडे दाद मागता येते. मिळणार नसलेल्या स्वामित्वधनाच्या आशेवर कर्ज काढणारा आणि मिळू शकणाऱ्या भरपाईची मुदत चुकविणारा, या दोघांचे नुकसान एकाच अज्ञानातून होते.

भूधारकास उत्पादनात वाटा द्यावा की नाही, हा धोरणाचा प्रश्न अर्थातच खुला आहे. खनिज सर्व समाजाचे मानले, तर ज्याच्या शेतावर त्याचा भार पडतो त्यास समाजाने काय द्यावे, असे त्याचे खरे रूप आहे. त्याचे उत्तर विधिमंडळाने व संसदेने द्यावयाचे आहे. तोपर्यंत येथील खातेदाराने आपला हिशेब स्वामित्वधनावर नव्हे, तर भरपाईवर मांडणे युक्त ठरेल.