संगणकाचा जासूद आणि त्याचा सांभाळ

श्रोतेहो, उद्यां पाऊस पडेल कीं नाहीं हें पाहण्यासाठीं आपण मोबाईलवर बोट टेकवितों आणि क्षणार्धांत उत्तर समोर येतें. तें उत्तर मोबाईलच्या पोटांत आधीं सांठविलेलें नसतें. कोठेंतरी दूर असलेल्या एका संगणकाकडे आपला मोबाईल विनंति धाडतो, तो संगणक तिचें उत्तर देतो, आणि मग ते आंकडे आपल्या डोळ्यांपुढें उमटतात. रेल्वेचें तिकीट काढणें, बँकेंतील शिल्लक पाहणें, नकाशावर वाट शोधणें, या सर्व व्यवहारांच्या तळाशीं हीच देवघेव चाललेली असते. ही विनंति नेणारा आणि उत्तर आणणारा जो जासूद, त्याच्याविषयीं आज चार शब्द सांगावयाचे आहेत. हा जासूद बहुतेक ठिकाणीं फुकट मिळतो. आणि फुकट मिळणाऱ्या वस्तूचा सांभाळ कोण करतो, हा प्रश्न आपण सहसा विचारीत नाहीं.

एपीआय हीं तीन अक्षरें अलीकडे वारंवार कानांवर पडतात. त्यांचा अर्थ आधीं पाहूं. एखाद्या कचेरींत आपण गेलों, तर आंत शिरून दप्तरें चाळण्याची मुभा आपणांस नसते. खिडकीशीं उभें राहावें, ठराविक नमुन्याचा अर्ज द्यावा आणि मिळेल तें उत्तर घ्यावें, अशी रीत असते. संगणकाच्या जगांत या खिडकीला एपीआय म्हणतात. कोणता अर्ज चालेल, त्यांत कोणते रकाने हवेत, उत्तर कोणत्या स्वरूपांत मिळेल, हें सर्व आधीं ठरलेलें असतें. वेबवरील अशा खिडकीशीं बोलण्याची भाषा म्हणजे एचटीटीपी. तिच्यांत ‘गेट’ म्हणजे माहिती द्या, आणि ‘पोस्ट’ म्हणजे मी देतों ती माहिती घ्या. उत्तराच्या आरंभीं तीन आंकडी खूण असते. 200 म्हणजे काम झालें. 404 म्हणजे मागितलेली वस्तु येथें नाहीं. 429 म्हणजे तुमच्या विनंत्या फार झाल्या, जरा थांबा. 503 म्हणजे सध्यां आम्हीच काम करण्याच्या स्थितींत नाहीं.

ऐकावयास हें सोपें वाटतें. पण विनंति प्रत्यक्ष पोहोंचविण्यांत अनेक बारकावे असतात. प्रथम नांवावरून त्या संगणकाचा अंकांतील पत्ता शोधावा लागतो. मग त्याच्याशीं जोडणी करावयाची. तो खरोखर तोच आहे कीं कोणी तोतया, हें त्याच्या प्रमाणपत्रावरून पडताळावयाचें. आणि वाटेंत कोणाला वाचतां येऊं नये म्हणून संभाषण सांकेतिक करावयाचें. उत्तर तुकड्यातुकड्यांनीं येतें, तें जुळवावें लागतें. हवी असलेली वस्तु दुसऱ्या पत्त्यावर हलविली असेल, तर तेथें जावें लागतें. उत्तर आलेंच नाहीं तर किती वेळ वाट पाहावयाची आणि पुन्हां विचारावयाचें कीं नाहीं, हेंही ठरवावें लागतें.

या शेवटच्या गोष्टींत मोठा धोका आहे. हवामान दोनदां विचारलें तर कांहीं बिघडत नाहीं. परंतु ‘अमक्याला पांचशें रुपये द्या’ ही विनंति पोहोंचली असून केवळ तिची पोंच वाटेंत हरवली, आणि जासुदानें ती पुन्हां सांगितली, तर पैसे दोनदां जाण्याची भीति असते. म्हणून चांगल्या व्यवस्थेंत अशा प्रत्येक विनंतीला स्वतंत्र क्रमांक देतात. तोच क्रमांक पुन्हां आला, कीं पलीकडचा संगणक तें काम दुसऱ्यांदा करीत नाहीं.

हीं सगळीं कामें प्रत्येक प्रोग्राम लिहिणारानें मुळापासून करावयाचीं म्हटलें, तर घर बांधणारानें आधीं विटांची भट्टी लावण्यासारखें होईल. म्हणून एकदां नीट लिहिलेला व तपासलेला कोड इतरांनीं आपल्या प्रोग्रामांत जोडून घ्यावा, अशी वहिवाट पडली. अशा कोडाच्या संचाला लायब्ररी म्हणतात. वाचनालयाशीं तिचें नातें नांवापुरतेंच. आणि ज्या लायब्ररीचा कोड कोणालाही वाचतां, वापरतां, बदलतां व पुढें देतां येतो, ती ओपन सोर्स.

विनंत्या नेणाऱ्या लायब्रऱ्यांमध्यें ‘कर्ल’चें उदाहरण फार बोलकें आहे. 1996 सालीं स्वीडनमधील डॅनिएल स्टेनबर्ग यांना एक लहानशी सोय हवी होती. संगणकावर गप्पा मारणाऱ्या मंडळींना निरनिराळ्या देशांच्या चलनांचे भाव आपोआप सांगतां यावेत, आणि ते भाव वेबवरून ताजे आणतां यावेत, एवढाच त्यांचा हेतु. ब्राझीलमधील राफाएल सगुला यांनीं लिहिलेला ‘एचटीटीपीगेट’ नांवाचा छोटा प्रोग्राम त्यांना आयता मिळाला. त्यांत त्यांनीं भर घातली, दोनदां नांव बदललें, आणि 20 मार्च 1998 रोजीं तो ‘कर्ल’ या नांवानें प्रसिद्ध केला. 2000 सालीं त्याच कामाची लायब्ररी ‘लिबकर्ल’ या नांवानें निघाली, आणि मग इतरांना ती आपापल्या प्रोग्रामांत बसवितां येऊं लागली.

पुढचा विस्तार थक्क करणारा आहे. आज ही लायब्ररी मोबाईलांत, दूरचित्रवाणीच्या संचांत आणि मोटारींतही बसलेली असते. जगांत तिच्या 2000 कोटींहून अधिक प्रती चालत असाव्यात, असा खुद्द स्टेनबर्ग यांचा अंदाज आहे. 2021 सालीं मंगळावर उडालेल्या ‘इन्जेन्युइटी’ या हेलिकॉप्टरच्या मोहिमेला ज्या ओपन सोर्स प्रकल्पांचा उपयोग झाला, त्यांत कर्लचीही गणना झाली. तीन हजारांहून अधिक माणसांनीं लहानमोठी मदत केल्याची नोंद कर्लच्या दप्तरीं आहे. 2017 सालीं स्टेनबर्ग यांना स्वीडनचें पोल्हेम पारितोषिक राजाच्या हस्तें मिळालें.

कर्ल बळकट खरा. पण नवशिक्याला सुलभता हवी असते. 2011 सालीं केनेथ राइट्झ यांनीं पायथन या भाषेसाठीं ‘रिक्वेस्ट्स’ नांवाची लायब्ररी प्रसिद्ध केली. पूर्वीं ज्या कामाला अनेक ओळी लिहाव्या लागत, तें तिच्या योगानें एकदोन ओळींत होऊं लागलें. अवघड गणित सोपें करून मांडणें हें शिक्षकाच्या धंद्यांत मोठें कसब मानतात. हें कामही त्याच जातीचें. शिकणाऱ्या मुलाला पहिल्या तासालाच दूरच्या संगणकाचें उत्तर मिळालें, म्हणजे त्याची गोडी टिकते.

आतां मूळ प्रश्नाकडे येऊं. मोकळा कोड पुष्कळांच्या नजरेखालून जातो, म्हणून त्यांतील दोष लवकर सांपडतात, असें म्हणतात. नजर खरोखर टाकली गेली तरच तें खरें. सांकेतिक संभाषणासाठीं जगभर वापरल्या जाणाऱ्या ‘ओपनएसएसएल’ या लायब्ररींत एक गंभीर दोष 2012 सालीं शिरला, आणि तो उघडकीस आला एप्रिल 2014 मध्यें. ‘हार्टब्लीड’ या नांवानें तो गाजला. त्याच्या योगानें दूरच्या संगणकाच्या स्मृतींतील गुप्त मजकूर परक्याला वाचतां येत असे. तेव्हां असें दिसून आलें, कीं जिच्यावर मोठमोठ्या पेढ्यांचा व्यवहार उभा होता, ती लायब्ररी मोजकींच माणसें तुटपुंज्या वर्गणीवर सांभाळीत होतीं. त्यानंतर बड्या कंपन्यांनीं एकत्र येऊन अशा कामांसाठीं निधि उभारला. आग लागल्यावर विहीर खणली खरी. पण खणली, हेंही नसे थोडकें.

दुसरी हकीकत 2022 सालच्या जानेवारींतील. त्याच्या आदल्या महिन्यांत ‘लॉगफोरजे’ नांवाच्या एका निराळ्याच लायब्ररींत मोठा दोष सांपडला होता. तेव्हां एका अतिश्रीमंत कंपनीनें स्टेनबर्ग यांना पत्र धाडलें, कीं तुमच्या मालांत हा दोष आहे काय, तुम्ही कोणते उपाय योजले, याचा खुलासा चोवीस तासांच्या आंत करा. कर्लमध्यें ती लायब्ररी वापरलेलीच नव्हती. शिवाय त्या कंपनीनें कर्लसाठीं त्यांच्याशीं कसलाही करार केलेला नव्हता. स्टेनबर्ग यांनीं शांतपणें कळविलें, कीं सेवेचा करार करा, म्हणजे सर्व प्रश्नांचीं उत्तरें आनंदानें देतों.

श्रोतेहो, उन्हाळ्यांत रस्त्याच्या कडेला कोणी पाणपोई घालतो. येणारेजाणारे पाणी पितात, आणि त्यांनीं प्यावें म्हणूनच ती घातलेली असते. पण रांजण रोज कोणीतरी धुतो, कोणीतरी पाणी भरतो, वाटी हरवली तर दुसरी आणून ठेवतो. पाण्याला मोल नसलें तरी रांजण भरणाराच्या श्रमाला मोल असतें. त्याच पाण्यावर जो आपलें हॉटेल चालवितो, त्यानें रांजण वेळेवर भरला नाहीं म्हणून दटावावें, हें न्यायाचें नव्हे. स्टेनबर्ग यांनीं वीस वर्षें हें काम मुख्यतः नोकरी सांभाळून, उरल्या वेळांत केलें. 2019 पासून मात्र एका कंपनीनें त्यांना कर्लच्याच कामासाठीं नेमलें, आणि गरजू कंपन्या त्या सेवेचे पैसे देऊं लागल्या. कोड सर्वांना फुकट आणि निगराणीचा खर्च समर्थांकडून, अशी ही वांटणी आहे.

आपल्या घरांत याचा संबंध दोन ठिकाणीं येतो. मोबाईल नवी दुरुस्ती घेण्यास सांगतो, तेव्हां आपण ती कंटाळून पुढें ढकलतों. पण लायब्ररींत सांपडलेला दोष तिच्या कर्त्यांनीं काढला, तरी ती दुरुस्ती आपल्या यंत्रांत उतरेपर्यंत आपणांपुरता तो दोष कायमच असतो. म्हणून ती टाळूं नये. दुसरें, घरांतील मुलगा किंवा मुलगी प्रोग्राम लिहावयास शिकत असेल, तर अशा लायब्ररीचा कोड त्यांनीं उघडून वाचावा. दोष आढळला तर तो केव्हां घडतो, कसा घडतो, काय होणें अपेक्षित होतें, हें नेमक्या शब्दांत कळवावें. माहितीपत्रकांतील एक संदिग्ध वाक्य सुधारून दिलें, तरी तीही मदतच. आणि तेवढ्यासाठीं मोठें ज्ञान लागत नाहीं, काळजीपूर्वक वाचण्याची संवय लागते.